सापडलेल्या फिती, उरलेली ओढ : वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांचा धागा एकच निघाला. कुणाकडे जुन्या कॅसेटी आहेत, कुणाकडे रिळे, कुणाकडे फोनमध्ये साठलेले चित्रण. आणि चारजण मिळून त्यातून प्रयोगशील व्हिडिओ करायचा आहे. प्रश्न संक्षेपाने दिले आहेत, उत्तरे जेवढी लागली तेवढी लांब.

फोंडा : १९९०च्या दशकातल्या बावीस व्हीएचएस कॅसेटी आम्ही तिघांनी जमवल्या. लग्नं, मुंजी, जत्रेतली नाटकं. काहींच्या खिडकीतून पाहिलं तर फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसतात. व्हीसीआर चालू आहे. लावून बघू का?

लावू नका. ते ठिपके बुरशीचे आहेत. अशी एक कॅसेट फिरली की बुरशीचे कण व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर बसतात आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींना लागण होते. शिवाय दमट फीत ड्रमला चिकटते आणि ओढली की तुटते. गोव्यात पावसाळाभर हवा इतकी ओली असते की बंद कपाटातली कॅसेटही सुटत नाही.

आधी निवड करा. टॉर्च तिरपी धरून प्रत्येक कॅसेटची खिडकी पाहा आणि तीन ढीग करा: स्वच्छ, शंकेच्या आणि बुरशी धरलेल्या. तिसऱ्या ढिगातली प्रत्येक कॅसेट वेगळ्या झिपच्या पिशवीत घाला. हे काम व्हरांड्यात करा. एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेतच. एसीच्या किंवा पंख्याच्या खोलीत बसलात तर कण घरभर होतील.

मग वाळवण. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, तळाला अर्धा किलो सिलिका जेल पसरा, वर जाळी ठेवा आणि जाळीवर पिशवीतून काढलेल्या कॅसेटी उभ्या लावा. आत हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा हायग्रोमीटर असू द्या. काटा ३५ ते ४० टक्क्यांवर येऊन दोन आठवडे तिथेच राहिला पाहिजे. वर चढू लागला की जेल बदला. कॅसेटी उन्हात वाळत घालायचा मोह आवरा. उन्हाने कवच वाकते आणि फीत आखडते. नीट वाळलेल्या बुरशीची भुकटी होते, ती पुसता येते. ओली पुसायला गेलात तर ती फितीवर सारवली जाते.

वाळल्यावर कॅसेट उलटी करून खालचे पाच स्क्रू काढा, पुन्हा सरळ करा आणि वरचे झाकण ट्रेमध्येच उचला. आत बारीक स्प्रिंगा आहेत, त्या उडाल्या की सापडत नाहीत. फितीचा मार्ग कळावा म्हणून उघडल्याबरोबर फोटो काढा. एक कोरी कॅसेट उघडून तिच्या स्वच्छ कवचात जुनी रिळे बसवा. जुन्या कवचाबरोबर बरीचशी बुरशी निघून जाते. मग सूत न सुटणाऱ्या कोरड्या फडक्याच्या घडीतून फीत हलकेच सरकवत रीळ हाताने गुंडाळा. एका कॅसेटला तास-दीड तास जातो. फितीला पाणी किंवा स्पिरिट लावू नका.

व्हीसीआरच्या ड्रमसाठी मात्र ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय कातड्याची काडी वापरा. काडी स्थिर धरायची आणि ड्रम बोटाने फिरवायचा. काडी वर-खाली हलवली की ड्रमवरचे, फितीवरून चित्र वाचणारे नाजूक हेड मोडते. कापसाच्या काड्या नकोत, त्यांचे तंतू हेडमध्ये अडकतात. कॅसेट लावल्यावर लगेच प्ले दाबू नका. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे न्या, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी दबलेल्या फितीचा ताण सारखा होतो.

संगणकात घेताना स्वस्त यूएसबी कॅप्चर काडीवर विसंबू नका. फितीचा वेग किंचित डळमळला की ती फ्रेम गाळते आणि तासाभरात आवाज ओठांच्या मागे पडतो. चित्राचा वरचा भाग वाऱ्यावरच्या पताकेसारखा लवत असेल तर टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळणारा सिग्नल सारखा करणारे यंत्र, लागतो. तो न मिळाल्यास काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरांतून सिग्नल नुसता पुढे नेला तरी बरीच स्थिरता येते. साठवण एफएफव्ही१ किंवा प्रोरेस या, चित्राचा दर्जा टिकवणाऱ्या फाइल-प्रकारांत करा. डीव्ही चालेल, त्याला तासाला साधारण १३ जीबी लागतात. मूळ प्रत इंटरलेस्डच, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, ठेवा. चित्राच्या तळाशी दिसणारी खरखरीची पट्टी मूळ प्रतीतून कापू नका. आमच्या मते अंतिम कलाकृतीतही ती असावी, कारण ही फीत आहे हे तीच सांगते.

पणजी : कला महाविद्यालयातल्या आम्ही चौघी ‘इच्छा’ या विषयावर सापडलेल्या चित्रणातून व्हिडिओ करतोय. पण जे करतो ते जाहिरातीसारखं किंवा सिनेमातल्या गाण्यासारखं दिसतं. कुठं चुकतंय?

तुम्ही इच्छा दाखवणारी चित्रे शोधत असाल: ओठ, पाठ, भिजलेले केस. ती चित्रे इच्छा जागी करण्यासाठीच घडवलेली असतात, त्यामुळे कशीही जोडली तरी जाहिरातच तयार होते. सापडलेल्या चित्रणातली इच्छा कॅमेऱ्याच्या वागण्यात असते. लग्नाच्या कॅसेटीत सप्तपदी चालू असताना कॅमेरा मध्येच वळतो, मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर झूम करतो, चार सेकंद थांबतो आणि चोरी पकडली गेल्यासारखा परत होमाकडे येतो. तुमचा कच्चा माल म्हणजे ती चार सेकंदे.

विषयाचे नावही एकदा तपासा. ‘इच्छा’ फार गुळगुळीत शब्द आहे. ओढ, आस, हाव, असोशी, लोभ, भूल: प्रत्येकीची गती वेगळी. आणि ‘वासना’ तर नीट ऐका. मराठीत ती देहाची असते, तशीच गेलेल्या माणसाचीही असते. पिंडाला कावळा शिवला नाही की वासना कशात तरी अडकली म्हणतात. जुनी फीत नेमकी तशी आहे. पाहणारा निघून गेला, त्याचे पाहणे मागे राहिले. चौघींनी एकेक शब्द उचला आणि पुढचे सगळे निर्णय त्या शब्दाला विचारून घ्या. हावेचा कट लवकर येतो. असोशीचा कट येतच नाही.

आता काम. पहिल्यांदा सगळे चित्रण आवाज बंद करून पाहा, कारण लग्नाच्या कॅसेटीवर चढवलेले गाणे काय वाटावे ते आधीच सांगून टाकते. एका वहीत चार रकाने करा: कॅसेट क्रमांक, टाइमकोड, कोण कुणाकडे पाहते आणि हात काय करतात. हातांचा रकाना विसरू नका. चेहरा सावरलेला असतो तेव्हा हात पदराचे टोक पिळत असतात. तीन तासांच्या कॅसेटीतून चाळीसपेक्षा जास्त नोंदी घेऊ नका. सगळेच महत्त्वाचे वाटत असेल तर पाहणे थकले आहे असे समजा आणि उद्या बसा.

जोसेफ कॉर्नेल या अमेरिकन कलावंताने १९३६ मध्ये केलेला ‘रोझ होबार्ट’ इथे उपयोगी पडेल. त्याने १९३१च्या ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ या साहसपटाची प्रत कापली, गोष्ट जवळजवळ पूर्ण काढून टाकली आणि नायिकेचे पाहणे, वळणे, थबकणे तेवढे ठेवले. दाखवताना वेग मूकपटाचा ठेवला आणि भिंगापुढे निळी काच धरली. तुमच्या चाळीस नोंदींवर हेच करा: कारण आणि परिणाम दोन्ही काढा, मधली हालचाल ठेवा. दार उघडताना दिसेल, कोण आले ते दिसणार नाही.

वेग कमी करायचा तर व्हीएचएस तुम्हाला एक गोष्ट फुकट देते. पाल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्धी चित्रे, असतात. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरच्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून घ्या. त्या ५० फ्रेम २५च्या टाइमलाइनवर ठेवल्या की निम्मा वेग मिळतो आणि प्रत्येक फ्रेम खऱ्या क्षणाची असते. त्याहून संथ हवे असेल तर फ्रेम चार-चार, आठ-आठ वेळा धरून ठेवा. हिसका दिसेल, दिसू द्या. संगणकाने मधल्या फ्रेम घडवून घेण्याची सोय वापरू नका. त्यात बोटे वितळतात, आणि त्या बाईने कधीच न केलेला चेहरा तिच्या नावावर लागतो.

चौघींनी मिळून करण्यासाठी भेंड्यांची रीत सगळ्यात चांगली. सामाईक साठा तीस मिनिटांचा ठेवा. पहिलीने आपला तुकडा करायचा आणि दुसरीला त्याची फक्त शेवटची पाच सेकंदे, म्हणजे १२५ फ्रेम, द्यायची. दुसरीने त्यातली एक गोष्ट उचलून सुरुवात करायची: एखादी दिशा, रंग किंवा आवाज. प्रत्येकीला ४८ तास. दोन फेऱ्यांत आठ तुकडे होतात. त्याआधी कुणीच पूर्ण पाहायचे नाही.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे प्रत्येकजण शेवट ठसकेबाज करते आणि सगळा व्हिडिओ टाळ्यांच्या जागांनी भरतो. त्यावर उपाय म्हणून तुकड्यांच्या लांबीच्या चिठ्ठ्या टाका: २०, ४५, ९० आणि १५० सेकंद. जिला १५० येतील तिला ठसका पुरणार नाही, तिला थांबावेच लागेल. दुसरी गोष्ट म्हणजे भिडेखातर कुणी कुणाचे कापत नाही. म्हणून आठ तुकडे जोडल्यावर शेवटची बैठक फक्त काढून टाकण्यासाठी घ्या. नवीन काही घालायचे नाही आणि स्वतःच्या तुकड्याला हात लावायचा नाही. प्रत्येकीने इतर तिघींच्या तुकड्यांतून मिळून निदान तीस सेकंदे काढायची. जिच्या तुकड्यातून काढले तिने तिथे कारण विचारायचे नाही. या बैठकीनंतर व्हिडिओ जवळजवळ नेहमीच सुधारतो.

म्हापसा : नात्यातले एक आजोबा मोझांबिकमध्ये नोकरीला होते. त्यांनी घेतलेली ८ मिमीची सहा रिळं मिळाली. डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो. शेजाऱ्यांकडे प्रोजेक्टर आहे.

प्रोजेक्टर राहू द्या. वास अ‍ॅसिटिक आम्लाचा आहे. फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया विघटित होतो आहे, आणि सुटलेले आम्लच ती क्रिया आणखी वाढवते. अशी फिल्म आकसते, भोकांमधले अंतर बदलते आणि प्रोजेक्टरचा पंजा, म्हणजे भोकांत अडकून फिल्म ओढणारा आकडा, ती फाडतो. सहाही रिळे एकमेकांपासून आणि इतर फिल्मपासून लगेच वेगळी करा. वाफ कोंडू नये म्हणून घट्ट पत्र्याच्या डब्याऐवजी हवा खेळेल अशा डब्यात ठेवा. बुरशीही दिसत असेल तर पाण्याने पुसू नका. चित्र धरून ठेवणारे जिलेटिन बुरशीने खाल्ले की पाण्यात विरघळते आणि चित्र हातात येते.

भोकांवर न चालणाऱ्या, रोलरच्या स्कॅनरवर एक फ्रेम म्हणजे एक चित्र या पद्धतीने स्कॅन करून घ्या. रीळ साधे ८ मिमी आहे की १९६५ नंतरचे सुपर ८, ते आधी पाहा. सुपर ८ची भोके बारीक असतात आणि फ्रेमच्या मध्याशी येतात. पन्नास फुटांच्या साध्या रिळात ४००० फ्रेम असतात, सुपर ८मध्ये ३६००. साधे रीळ १६च्या वेगाने चार मिनिटे दहा सेकंद चालते. तेच २५च्या वेगाने टाइमलाइनवर टाकले तर दोन मिनिटे चाळीस सेकंदांत संपते आणि माणसे पळत सुटतात. जुन्या चित्रणातली ती विनोदी लगबग बहुतेक वेळा या चुकीतून येते. तुमच्या आजोबांनी शांतपणे पाहिलेले ते शांतपणेच दिसले पाहिजे.

डिचोली : आमच्या गटाने अपघात, शस्त्रक्रिया, कत्तलखाना अशी अस्वस्थ करणारी दृश्यं एकत्र केली. दाखवलं तेव्हा लोक उठून गेले. हे यश समजायचं का?

नाही. लोक दृश्याला घाबरून उठले. तुम्ही त्याचे काय केलेत हे पाहायला ते थांबलेच नाहीत. धक्का आणि अस्वस्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धक्का दोन सेकंदांत संपतो, नंतर माणूस मिटून घेतो. अस्वस्थता लागायला वेळ लागतो आणि ती साध्या दृश्यातून जास्त येते. मुंजीच्या कॅसेटीत बटू कॅमेऱ्याकडे पाहत उभा आहे, मागे कुणी तरी त्याला हस असे सांगते आहे, आणि तो हसत नाही. हे चाळीस सेकंद ठेवून बघा.

साधने साधी आहेत. कट जिथे यायला हवा तिथून बारा सेकंद पुढे ढकला. गर्दीच्या दृश्यातून गर्दीचा आवाज काढा आणि रिकाम्या खोलीचा आवाज घाला. खोलीचाच घाला, कारण कोरी डिजिटल शांतता आली की लोकांना स्पीकर बंद पडल्यासारखे वाटते. दृश्य उलटे चालवा, पण त्यात वाफ, पाणी, पडणारी अक्षता नसेल असे निवडा, म्हणजे उलटे आहे हे कळायला वेळ लागतो आणि तोवर काही तरी खटकत राहते. जुन्या फितीवरची ५० हर्ट्झची घुरघुर पूर्ण गाळू नका. ती एकदम थांबवता आली तर त्या थांबण्यातच एक झटका असतो.

लखलखाटाबाबत मात्र काटेकोर राहा. एकाआड एक काळी-पांढरी फ्रेम लावली की २५च्या टाइमलाइनवर सेकंदाला साडेबारा लखलखाट होतात आणि अपस्माराचा त्रास असलेल्याला झटका येऊ शकतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त नकोत, आणि गडद लाल रंगाचे तर टाळाच. दृश्ये क्लेशकारक असतील तर दाराबाहेर मराठी-कोकणीत, आत नेमके काय आहे ते सांगणारी पाटी लावा. मोघम इशाऱ्याने कुणालाच मदत होत नाही.

आणखी एक, आणि हे आम्ही मनापासून सांगतो: असा साठा चाळणाऱ्याची काळजी घ्या. चाळणी छोट्या खिडकीत, आवाज बंद ठेवून, दिवसा आणि दोघांनी मिळून करा. सलग तासापेक्षा जास्त नको. एकाच मुलाला रात्री बसवून सगळे चाळायला लावणारे गट असतात. तसे करू नका. आणि खऱ्या अपघातात गेलेल्या माणसाचे फोनवर फिरणारे चित्रण घेऊच नका. त्याच्या घरचे लोक शेजारच्या गावात असू शकतात.

मडगाव : म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कॅसेटी विकत घेतल्या, म्हणजे त्या आमच्याच ना? त्यातली माणसं दाखवायला परवानगी लागते का?

कॅसेट तुमची, चित्रण तुमचे नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कुणी पैसे देऊन फिल्म करवून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा. म्हणजे लग्नाच्या कॅसेटीचा हक्क साधारणपणे त्या कुटुंबाकडे. तिच्यावर चढवलेल्या सिनेमातल्या गाण्याचे हक्क आणखी वेगळ्यांचे. जत्रेतल्या नाटकात नाटककाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो आणि नटांचा प्रयोगाचा हक्क ५० वर्षे. प्रदर्शित चित्रपटासाठी प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे मोजायची. १९६४ साली आलेला चित्रपट १ जानेवारी २०२५ला मुक्त झाला. त्याच्या संगीताची मुदत मात्र वेगळी मोजावी लागते. कलम ५२ मधली समीक्षा, संशोधन वगैरेंची सवलत अरुंद आहे. ‘आम्ही त्याचे रूप बदलले’ एवढे म्हणून तिच्यात बसता येत नाही.

कायद्यापलीकडचा भाग चेहऱ्यांचा. शक्य तिथे कुटुंब शोधा. लग्नाच्या कॅसेटीवर आडनाव, गाव, तारीख लिहिलेली असते, आणि गोव्यात दोन फोनांत माणूस सापडतो. परवानगीचा कागद एका पानाचा, मराठी किंवा कोकणीतला करा आणि वाचून दाखवा. त्यांना तयार तुकडा दाखवा, नुसती कल्पना सांगून भागत नाही, कारण हसू संथ केल्यावर त्याचा अर्थ बदललेला असतो. प्रदर्शनाआधी पंधरा दिवसांपर्यंत नकार देता येईल असे त्यात लिहा. कुटुंब सापडले नाही तर चेहरा चौकटीबाहेर ठेवा; हात, पाठ, सावली यांवर काम करा. चेहरा धूसर करू नका. बातम्यांमुळे धूसर चेहरा म्हणजे आरोपी किंवा पीडित अशी सवय पडली आहे, आणि ती तुमच्या नवरीला विनाकारण चिकटते.

जुन्या फोनमध्ये किंवा मेमरी कार्डात कुणाचे खासगी, नग्न चित्रण निघाले तर विषय इच्छेचा असो वा कशाचा, ते वापरायचे नाही, कॉपी करायचे नाही, गटात फिरवायचे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली, चित्रण करू दिले पण दाखवायला संमती नव्हती, तरी बाईचे असे चित्रण पसरवणे गुन्हाच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ई आणि ६७ए ही कलमेही लागू शकतात. अल्पवयीन मुलांचे असे चित्रण जवळ बाळगणेही गंभीर गुन्हा ठरतो. तिथे थेट वकिलाला विचारून पोलिसांकडे जा.

मोकळेपणाने वापरता येईल असे हवे असेल तर इंटरनेट आर्काइव्हवरचा प्रेलिंगर संग्रह पाहा. जुन्या अमेरिकी जाहिराती, शैक्षणिक आणि घरगुती फिल्म तिथे आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ कॉपीराइटमुक्त आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या पॅड.मा या भारतीय संग्रहात टिपणांसह कच्चे चित्रण मिळते. परवाना वाचून घ्या. आणि घरात किंवा वाड्यावर कुणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असेल तर त्याच्याशी बोला. मुंबईच्या कॅम्प या गटाने २०१३ मध्ये ‘फ्रॉम गल्फ टु गल्फ टु गल्फ’ केला तो खलाशांनी आपल्या फोनवर घेतलेल्या चित्रणाच्या आधारे, त्यांना सोबत घेऊन. जहाजावर सहा-आठ महिने राहणाऱ्या माणसाच्या फोनमधली ओढ बाजारातल्या कॅसेटीत मिळणार नाही. मात्र तो सहभागी म्हणून यायला हवा, श्रेयनामावलीत आणि संकलनाच्या टेबलावर दोन्हीकडे.

साखळी : पाचजण, पाच वेगळे संगणक. फायली जुळत नाहीत, आवाज सरकतो, आणि शेवटचा निर्णय कुणाचा यावरून बोलणं बंद झालंय.

आवाज सरकण्याचे कारण बहुधा फोनचे चित्रण. फोन फ्रेमचा वेग क्षणोक्षणी बदलतो. संकलनाआधी सगळ्या फायली हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमवर काढून घ्या आणि आवाज ४८ किलोहर्ट्झला ठेवा. टाइमलाइन सगळ्यांची सारखीच: १९२० बाय १०८०, २५ फ्रेम. व्हीएचएसचे ७२० बाय ५७६ चित्र तिच्यात १४४० बाय १०८० इतके बसते. बाजूला काळे राहील, ते ताणून भरू नका, माणसे जाडी होतात. फायलींना नावे ‘कॅसेट०७_००४२१५_नावाचे आद्याक्षर_आवृत्ती’ अशी द्या. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात येऊ देऊ नका. तुकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ साठ्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

भांडणावर उपाय म्हणजे सुरुवातीचा एक कागद, आता उशिराने का होईना. त्यात पाच गोष्टी: नावांचा क्रम (वर्णमालेनुसार ठेवला की प्रश्न मिटतो), मूळ डिस्क कुणाकडे, पैसे आले तर वाटणी, कुणी सोडून गेला तर त्याच्या तुकड्याचे काय, आणि अडल्यावर निर्णय कोण देणार. पाचव्याला आमचा सल्ला: बहुमत नको. बहुमताने कलाकृती मध्यममार्गी होते. दर आठवड्याला एकजण ‘धरणारा’ ठरवा, त्या आठवड्याचा निर्णय त्याचा. पुढचा धरणारा तो फिरवू शकतो, पण जुनी आवृत्ती जपून ठेवूनच.

वास्को : पणजीच्या फोंतैन्यासमधल्या एका जुन्या घरात तीन भिंतींवर तीन व्हिडिओ लावायचे आहेत. प्रोजेक्टर कसे निवडायचे? तिन्ही एकत्र चालायलाच हवेत का?

आधी उजेड मोजा. जुन्या घरातल्या शिंपल्यांच्या खिडक्या मंद पण पसरट उजेड आत सोडतात आणि दुपारी तोच चित्र धुऊन टाकतो. जाड काळे कापड आतून, चौकटीच्या चारही बाजूंनी एक वीत जास्त लावा. दोन मीटर रुंद चित्रासाठी ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीत पुरतो. १६:९च्या प्रोजेक्टरवर ४:३ चित्र दाखवताना एक चतुर्थांश उजेड वाया जातो हे धरून चाला. प्रोजेक्टरचे अंतर म्हणजे थ्रो गुणोत्तर गुणिले चित्राची रुंदी: गुणोत्तर १.५ आणि रुंदी दोन मीटर असेल तर तीन मीटर. खोल्या अरुंद असतात, तेव्हा ०.५चा शॉर्ट थ्रो घ्या, नाहीतर प्रेक्षकांच्या सावल्या भिंतीवर नाचतील. पडदा लावू नका. चुन्याच्या भिंतीचा खडबडीतपणा व्हीएचएसला शोभतो. फक्त निळी किंवा पिवळी भिंत असेल तर घरमालकाला विचारून दोन हात पांढरा चुना काढा.

तिन्ही एकत्र चालवणे गरजेचे नाही. साध्या यूएसबी प्लेयरांवर दर फेरीला काही फ्रेमचा फरक पडतो आणि तासाभरात ठरवलेली जुळणी सुटते. त्यापेक्षा लांबी वेगळ्या ठेवा. सात आणि अकरा मिनिटांचे दोन व्हिडिओ ७७ मिनिटांनी पुन्हा एकत्र सुरू होतात. तिसरा पाच मिनिटांचा असेल तर तिघांची गाठ ३८५ मिनिटांनी, म्हणजे सहा तास पंचवीस मिनिटांनी पडते. दिवसभरात प्रत्येक प्रेक्षकाला वेगळी जुळणी मिळेल. नेमकी जुळणी हवीच असेल तर तिन्ही चित्रे एकाच संगणकातून, एकाच फाइलमधून तीन आउटपुटांवर काढा.

आवाज एकाच खोलीत ठेवा, इतर दोन मूक. तीन आवाज चिऱ्याच्या भिंतींमध्ये घुमले की कशाचाच अर्थ लागत नाही.

वीज जाणार हे धरून चाला. दिव्याचा प्रोजेक्टर गरम असताना बंद पडला की दिव्याचे आयुष्य घटते, म्हणून प्रत्येकाला यूपीएस द्या. दहा मिनिटे पुरतात, तेवढ्यात नीट बंद करता येतो. प्लेयर असा निवडा की वीज आल्यावर कुणी न दाबता आपोआप पुन्हा सुरू होईल. प्रदर्शन पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरपासून पुढे ठेवा. आधी ठेवलेच तर संध्याकाळी किडे भिंगाच्या उजेडावर येतात आणि भिंतीवर हाताएवढे दिसतात. प्रोजेक्टरपासून दूर, व्हरांड्यात एक पिवळा दिवा लावून ठेवला की बरेचसे तिकडे जातात. खाऱ्या हवेत फिल्टर लवकर तुंबतो. दर सोमवारी प्रदर्शन बंद ठेवून तो काढा, मऊ ब्रशने झाडा आणि प्रोजेक्टर थंड असतानाच परत बसवा.